तंबाखूच्या पैशातलं ग्रंथालय

ग्लासगोच्या इन्ग्रॅम स्ट्रीटच्या परिसरात जुन्या व्यापाऱ्यांच्या खुणा जागोजागी दिसतात. अठराव्या शतकात हे शहर व्हर्जिनियाच्या, गुलामांनी पिकवलेल्या तंबाखूवर गबर झालं. याच रस्त्यावर 1877 साली मिचेल ग्रंथालय सुरू झालं, तेही तंबाखूच्याच पैशातून.

तंबाखूचे कारखानदार स्टीफन मिचेल 1874 मध्ये वारले. जाताना त्यांनी संदर्भ ग्रंथालयासाठी घसघशीत रक्कम ठेवली आणि एक अट घातली: राजकारण किंवा धर्माबद्दलच्या प्रचलित मतांना विरोध करतं, एवढ्यावरून कुठलंही पुस्तक अनैतिक ठरवायचं नाही. ग्रंथालयासाठी कर भरायला मात्र ग्लासगोकरांनी 1876 मध्ये साफ नकार दिला होता.

जागा पुरेना, तसं 1891 मध्ये बिऱ्हाड जवळच्या मिलर स्ट्रीटला हललं. तिथून पश्चिमेला चालत गेलं की चेरिंग क्रॉसपाशी हिरवा घुमट दिसतो. खाली खंदकातून एम-8 महामार्ग घोंगावत असतो आणि काठावर ग्रंथालयाची आजची भव्य वास्तू. 1907 मध्ये अँड्र्यू कार्नेगींनी पायाभरणी केली, 1911 मध्ये लॉर्ड रोझबेरींनी उद्घाटन. रोझबेरींनी त्या मंगलप्रसंगी ग्रंथालयाला चक्क पुस्तकांची दफनभूमी म्हटलं!

मागच्या ग्रॅनव्हिल स्ट्रीटला वळसा घातला, तर तिथला खांब-पुतळ्यांचा दर्शनी भाग मुळात ग्रंथालयाचा नव्हेच. तो सेंट अँड्र्यूज हॉल या सभागृहाचा. ऑक्टोबर 1962 मध्ये मुष्टियुद्धाचा सामना संपल्यानंतर हॉलला आग लागली. सिगारेटचं थोटूक कारणीभूत असावं, असं मानतात. हॉल बेचिराख झाला, हा भाग तेवढा वाचला, आणि पुढे त्याच्यामागे ग्रंथालयाचा विस्तार उभा राहिला. तंबाखूने ग्रंथालय दिलं, वाढायला जागाही बहुधा तिनेच दिली.

मिचेलच्या अटीचं मोल कळतं ते इथल्या संग्रहांमुळे. रॉबर्ट बर्न्ससारख्या लाडक्या कवीला कुठल्याही ग्रंथालयाने मानाने ठेवलं असतं. पण गाय ऑल्ड्रेड या अराजकवाद्याची कागदपत्रंही इथे जपली आहेत. श्यामजी कृष्णवर्मांचं 'इंडियन सोशिऑलॉजिस्ट' हे नियतकालिक छापल्याबद्दल 1909 मध्ये ऑल्ड्रेड यांनी राजद्रोहाची शिक्षा भोगली आणि पुढे सावरकरांच्या सुटकेसाठी समिती काढली. ज्या राजवटीने त्यांना तुरुंगात टाकलं, तिच्याच एका शहराने त्यांचे कागद सांभाळले. सरकारी वकिलाला जे खपलं नाही, त्याला तंबाखूवाल्याच्या मृत्युपत्राने आधीच जागा करून ठेवली होती.