डेंगळ्यांच्या वाफ्यातले परागीभवन

मुलांना परागीभवन शिकवायला अहिल्यानगर जिल्ह्यात कांद्याच्या बीजोत्पादनाच्या वाफ्याइतकी चांगली जागा नाही. हिवाळ्यात लावलेल्या कांद्याला डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, शाळा चालू असतानाच, पांढरे गोंडे फुलतात. एका गोंड्यात शेकडो बारीक फुले असतात. प्रत्येक फुलातले पुंकेसर आधी पिकतात, कुक्षी नंतर. म्हणून पराग दुसऱ्या फुलावरून यावे लागतात. ते मुख्यतः मधमाशा आणतात.

माशी डंख मारते, एवढीच बहुतेक मुलांची तिच्याशी ओळख असते. ही ओळख आधी वाढवावी. फुलोरी माशी बांधावरच्या बोरी-बाभळीच्या फांदीला एकच छोटे पोळे बांधते. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत राहते, म्हणून ती पेटीतही नांदते. पेटी उघडलेली पाहण्यासाठी पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत (स्थापना १९६२) सहल न्यावी. आग्या मोहोळ मात्र लांबूनच दाखवायचे; तिथे दगड नाही, धूर नाही, आरडाओरडा नाही. फुलावर मकरंद गोळा करणारी माशी सहसा कोणाच्या वाटेला जात नाही, हे मुलांना वाफ्याच्या कडेला शांत बसल्यावरच पटते.

वर्गात कागदी फुलांवर हळद ठेवून लोकरीचा गोळा फिरवण्याचा खेळ लहानांना आवडतो. पण माशी आलीच नाही तर काय होते, ते त्यातून कळत नाही. त्यासाठी परसातला तांबडा भोपळा हवा. मादी फुलाखाली इवलासा भोपळा आधीच दिसतो. उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी दोन मादी कळ्या आणि एक नर कळी मलमलीने झाकावी. सकाळी लवकर एका मादी फुलाला नर फुलाचे पराग लावून ते पुन्हा झाकावे. दुसरे तसेच ठेवावे. काही दिवसांत ते दुसरे पिवळे पडून गळते, पहिले बहुधा फळ धरते. ही गळ पाहण्याची संधी कोणत्याही मुलाची चुकू नये.

कांद्याच्या गोंड्यालाही असेच कापड बांधता येते, फक्त निकालासाठी एप्रिलपर्यंत थांबावे लागते. मधल्या काळात फुलकिड्यांसाठी फवारणी होते. ती भर फुलोऱ्यात सकाळी झाली तर माशा मरतात. हे कळलेली मुले घरी वडिलांना त्याविषयी विचारतातच. काढणीनंतर झाकलेला आणि उघडा असे दोन्ही गोंडे चोळून बी मोजायचे. एका फुलात जास्तीत जास्त ६ बिया भरतात. झाकलेल्या गोंड्यात बी तुरळकच निघते.