केकवरचं क्रीम आणि तुमची शुगर: पन्नास ग्रॅम बटरचा हिशोब

गेल्या वर्षीची गोष्ट. माझे एक जुने पेशंट, वय ६८, निवृत्त शिक्षक, बारा वर्षांपासून मधुमेह. गोळ्या वेळेवर, रोजचं चालणं चुकत नाही, उपाशीपोटीची शुगर १२०-१३० च्या आसपास. असे हे काका एका सोमवारी २१२ चा रिपोर्ट घेऊन आले. ताप नाही, लघवीला जळजळ नाही, पायाला जखम नाही, गोळी चुकलेली नाही. मी प्रश्न विचारत होते आणि काका टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. शेवटी काकूच म्हणाल्या, "अहो, सांगा ना आता. फ्रीजमधला केक कुठे गेला ते सांगा."

नातवाचा वाढदिवस झाला होता. एक किलोचा केक आणला, माणसं आठ, त्यातली चार लहान मुलं. निम्मा केक उरला. केक कापताना काका मुद्दाम गॅलरीत जाऊन बसले होते. नंतर चार रात्री, घर झोपल्यावर, फ्रीजचं दार उघडून उभ्याउभ्या त्यांनी तो संपवला. मी विचारलं, "काका, सगळ्यांबरोबर एक तुकडा का नाही खाल्लात?" ते म्हणाले, "तुम्हीच फाइलवर लिहिलंय ना, केक बंद. मग सगळ्यांदेखत कसा खाणार?"

फाइल उघडून पाहिली. माझंच अक्षर. "केक, आइस्क्रीम, मिठाई बंद." खाली दोन रेघा.

मित्रांनो, त्या दोन रेघा मी आजवर कितीजणांच्या फाइलवर मारल्या असतील याची मोजदाद नाही. आम्हा डॉक्टरांना 'बंद' लिहायला दोन सेकंद लागतात, 'किती चालेल' हे समजावायला दहा मिनिटं लागतात आणि बाहेर वीस माणसं बसलेली असतात. पण औषधाला मात्रा असते तशी खाण्यालाही असते. काकांना त्रास वाढदिवसाच्या एका तुकड्याने झालाच नव्हता, तो फ्रीजमध्ये उरलेल्या अर्ध्या किलोने झाला होता. म्हणून आज केकवरच्या क्रीमबद्दल, आणि ते घरी अगदी थोडं कसं करायचं याबद्दल लिहिते आहे. डॉक्टरच्या ब्लॉगवर रेसिपी बघून हसू नका.

आधी हे क्रीम म्हणजे काय ते पाहू. स्वस्त केकवरचं पांढरंशुभ्र क्रीम बहुतेक वेळा दुधाचं नसतंच. वनस्पती चरबी, साखर, पाणी आणि ते फेटून फुलावं म्हणून घातलेले पदार्थ, असा तो मामला. ट्रान्स फॅटवर आपल्याकडे जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली, हे चांगलं झालं. तरी संपृक्त चरबी त्यात भरपूर असते. बटरक्रीम मात्र साधं असतं, त्यात लोणी आणि पिठीसाखर. आपल्या आज्या नानकटाईसाठी परातीत तूप घेऊन तळहाताने फेसत, ते पांढरं आणि हलकं होईपर्यंत. तेच काम इथे बटरचं करायचं. हवा आत कोंडायची. एवढंच त्यातलं शास्त्र आहे.

एक गैरसमज मात्र लगेच काढून टाका. घरचं, शुद्ध बटरचं म्हणजे पौष्टिक, असं मुळीच नाही. बटरमध्ये ८० टक्के चरबी असते आणि त्यातली निम्म्याहून जास्त संपृक्त. घरी करण्याचा खरा फायदा वेगळा आहे. किती करायचं ते तुम्ही ठरवता, आणि तेही बटर कापताना. समोर केक आल्यावर ठरवू म्हणाल तर ते आजवर कुणाला जमलेलं नाही. मलाही नाही.

तर मात्रा अशी. बटरचं १०० ग्रॅमचं पाकीट आणा, बिनमिठाचं. नेहमीचं पिवळं बटर खारट असतं, क्रीमला ती चव येते आणि रक्तदाब असणाऱ्यांना मीठही नको. त्याचा बरोबर अर्धा तुकडा कापा, म्हणजे ५० ग्रॅम. उरलेला अर्धा पाकिटात गुंडाळून लगेच फ्रीजमध्ये ठेवा, ओट्यावर ठेवू नका. पिठीसाखर १०० ग्रॅम, चाळून. विकतची आयसिंग शुगर नसेल तर घरची साखर एक चमचा कॉर्नफ्लॉवर घालून मिक्सरमध्ये अगदी बारीक करा. रवाळ राहिली तर दाताखाली येते. व्हॅनिला इसेन्सचे चार थेंब, दूध एक-दोन चमचे. इतक्या क्रीमने सहा इंची केकचा वरचा भाग झाकला जातो. बाजू झाकल्या जाणार नाहीत, आणि त्या झाकायच्याही नाहीत. सगळीकडून लिंपलेल्या, मधे दोन थर भरलेल्या केकला याच्या तीन-चारपट क्रीम लागतं.

बटर मऊ हवं, वितळलेलं नको. बोटाने दाबलं तर खळगा पडावा पण तेल सुटू नये. इथे मी स्वतः आपटले आहे. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी चार वाजता पहिला प्रयोग केला. बटर दहा मिनिटांत पातळ झालं आणि वाटीत वरणासारखं दिसू लागलं. उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर करा, आणि पातळ झालंच तर वाटी दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा फेटा. थंडीत उलट होतं. बटर कडक राहतं, दूध गार असतं, मग क्रीम फुटून दह्याच्या चोथ्यासारखं दिसतं. तेव्हा वाटी कोमट पाण्यात क्षणभर धरून फेटलं की जुळून येतं. फेकू नका.

थोड्या प्रमाणाची एक अडचण असते. मोठ्या भांड्यात ५० ग्रॅम बटर बीटरच्या पात्यांना लागतच नाही, कडेला चिकटून बसतं. उभट, अरुंद भांडं घ्या, किंवा सरळ लाकडी चमच्याने फेटा. आधी नुसतं बटर चार-पाच मिनिटं, रंग फिका होईपर्यंत. मग साखर दोन हप्त्यांत. शेवटी इसेन्स, आणि दूध लागेल तसं. रंग हवा असेल तर दुधाऐवजी चमचाभर बिटाचा रस घाला, छान गुलाबी होतो. घरचं पांढरं लोणी वापरणार असाल तर ते बर्फाच्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन पाणी पूर्ण निथळू द्या, नाहीतर ताकाचा आंबटपणा राहतो आणि क्रीम फुटतं. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याचं क्रीम म्हातारी माणसं, गरोदर बाई आणि लहान मुलं असलेल्या घरात करू नका.

आता हिशोब. या वाटीत साधारण ७५० कॅलरी आहेत, १०० ग्रॅम साखर आणि सुमारे २५ ग्रॅम संपृक्त चरबी. केकचे आठ तुकडे केले तर प्रत्येकाच्या वाट्याला क्रीममधून साडेबारा ग्रॅम साखर आणि तीन ग्रॅमच्या आसपास संपृक्त चरबी येते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी. खालच्या केकमध्येही साखर असतेच. म्हणजे एका तुकड्यात त्या दिवसाचा कोटा संपला. त्या दिवशी चहा बिनसाखरेचा, आणि जेवणात एक पोळी कमी.

साखर ७० ग्रॅमपर्यंत कमी करता येते. क्रीम मऊ राहतं, कळ्या-फुलं काढता येत नाहीत, पण पसरवता येतं आणि खरं सांगायचं तर चवीला मला तेच आवडतं. त्याहून कमी केली तर तुम्ही लोणीच खाताय, कारण या क्रीमचं अंगच साखरेचं आहे. त्याच कारणाने शुगरफ्रीच्या गोळ्या कुटून हे क्रीम होत नाही. गुळाची पावडर घातली म्हणजे मधुमेहाला चालतं, हे तर दवाखान्यात आठवड्यातून दोनदा ऐकते. नाही चालत. गूळही साखरच आहे, क्रीम वर तपकिरी होतं ते वेगळंच.

मधुमेह असणाऱ्यांनी दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. संध्याकाळी केक खायचा म्हणून दुपारचं जेवण टाळायचं आणि गोळी मात्र घ्यायची, असं करू नका. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर शुगर एकदम खाली जाऊन चक्कर येते, घाम फुटतो, वाढदिवसाच्या घरात रुग्णवाहिका बोलवावी लागते. तसंच केक खाल्ला म्हणून मनाने जादा गोळीही घेऊ नका. दुसरी गोष्ट, चरबीमुळे पोट उशिरा रिकामं होतं, त्यामुळे शुगरही उशिरा चढते. दोन तासांनी तपासून "काही झालं नाही" म्हणाल, आणि चौथ्या तासाला आकडा वर गेलेला असेल. घरी मशीन असेल तर दोन्ही वेळा पाहा. शुगर आधीच २५०-३०० च्या घरात असेल, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल, किंवा पित्ताशयात खडे असून तेलकट खाल्ल्यावर पोटात दुखत असेल, तर मात्र आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

यंदा वाढदिवसाच्या आठवडाभर आधी काकू एकट्याच आल्या होत्या. मी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला लिहून दिलं: बटर ५०, साखर ७०, तुकडे आठ, काकांना एक, सगळ्यांबरोबर. फाइलवरची जुनी ओळ खोडली आणि तिथे सही केली.

पंधरा दिवसांनी काका चिठ्ठी घेऊन आले, शिक्षकी अक्षरात नीट तक्ता आखलेला. केकआधी १३४, दोन तासांनी १७२, चार तासांनी १९१, सकाळी उपाशीपोटी १२९. फ्रीजमध्ये शिल्लक: काही नाही. मोबाइलवर फोटोही दाखवला, सुरीवर नातवाचा हात आणि त्यावर काकांचा. क्रीम एका बाजूला थोडं घसरलेलं दिसत होतं.

"आणि क्रीमची वाटी?" मी विचारलं.

काकू म्हणाल्या, "ती आजोबा-नातवाने मिळून चाटली. ते तक्त्यात लिहिलेलं नाही."