व्याध आणि रोहिणी

पौषातल्या रात्री रोहिणी डोक्यावर तांबूस तेवत असते आणि मृगामागून वर आलेला व्याध निळसर पांढरा लखलखतो. दोघांची घडणच वेगळी असणार, असं कुणालाही वाटावं.

त्यांचा प्रकाश लोलकातून पसरवला, की हा समज पक्काच होतो. व्याधाच्या वर्णपटात हायड्रोजनच्या ठसठशीत काळ्या रेषा. बाकी फारसं नजरेत भरत नाही. रोहिणीच्या वर्णपटात लोह, कॅल्शियम अशा धातूंच्या बारीक रेषांची दाटी आणि हायड्रोजन जेमतेम. प्रत्येक मूलद्रव्य आपापले ठरावीक रंग शोषून घेतं, म्हणून रेषा कुणाची ते कळतं. पण द्रव्य किती? रेष गडद तर द्रव्य जास्त, हा हिशेब सरळ वाटतो आणि तो चुकतो.

तो का चुकतो, ते भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या १९२०च्या समीकरणातून कळलं. उष्णता वाढली की अणूंचे इलेक्ट्रॉन निसटतात, आणि रेषा बदलतात. व्याधाचा पृष्ठभाग सुमारे १०,००० अंश तापलेला, रोहिणीचा ४,०००च्या आसपास. रेषांमधला फरक मुख्यतः या तापमानाचा.

या समीकरणाने ताऱ्यांतलं द्रव्य मोजलं ते सिसिलिया पेन यांनी. त्या केंब्रिजला शिकल्या. तिथे तेव्हा स्त्रियांना पदवीच देत नसत. १९२३ मध्ये त्या हार्वर्डला आल्या. तिथल्या वेधशाळेत काचांवर टिपलेले असंख्य वर्णपट होते, ॲनी जंप कॅनन यांनी वर्षानुवर्षं डोळ्यांत तेल घालून वर्गवार लावलेले. पेन यांनी त्या वर्णपटांना साहांचं समीकरण लावलं. उत्तर आलं: तारे जवळपास सगळे एकाच द्रव्याचे, आणि त्यांच्यात हायड्रोजन धातूंच्या सुमारे दहा लाख पट!

ताऱ्यांची घडण पृथ्वीसारखीच, असं तेव्हाचे जाणकार धरून चालले होते. त्यांच्यातलेच एक खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांनी पेन यांचं उत्तर अशक्य असल्याचं कळवलं. मग १९२५च्या प्रबंधात पेन यांनी स्वतःच लिहिलं, की हे आकडे जवळजवळ नक्कीच खरे नसावेत.

त्या कबुलीपाशी माझा जीव अडकतो. प्रकाश खरं सांगत होता, त्यांनी ते अचूक वाचलं होतं, आणि पंचविशीतल्या त्या बाईंना आपल्याच हाताने ते खोडावं लागलं. १९२९ मध्ये रसेल वेगळ्या वाटेने त्याच उत्तरापाशी पोचले आणि त्यांनी पेन यांच्या कामाचा उल्लेखही केला. हार्वर्डने मात्र पेन यांना प्राध्यापकपद दिलं ते १९५६ मध्ये.

सूर्याच्या वस्तुमानाचा जवळजवळ पाऊण हिस्सा हायड्रोजन आहे, हे मुलांना शिकवाल, तेव्हा साहा आणि पेन ही दोन नावंही सांगा.