दादाची मोटार

नापिकीच्या सालानंतर दादाने अकोला सोडले. चाकणला २००९ साली सुरू झालेल्या फोक्सवॅगनच्या कारखान्यात तो लागला. "मोटारीनं का पोट भरते?" पऱ्हाटीकडे पाहत बाबा पुटपुटत. दादाशी ते बोलेनासेच झाले.

अमरावतीला कॉलेजच्या ग्रंथालयात मी वाचले : याच कंपनीचा जर्मनीतला वोल्फ्सबुर्गचा कारखाना महायुद्धातील बाँबफेकीने मोडून पडला होता. १९४५ साली ब्रिटिश मेजर आयव्हन हर्स्ट यांनी तो सावरला. ब्रिटिश सैन्याने वीस हजार मोटारींची मागणी नोंदवली. १९५५ साली तिथून दहा लाखावी 'बीटल' बाहेर पडली.

दिवाळीच्या सुट्टीत बाबांना हे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे बुडालेलं घर त्यायनंबी उभं केलं म्हना!"

त्या रात्री त्यांनी दादाला स्वतःहून फोन लावला.