फरशीखालची तार

तेल्हारा, जानेवारीची रात्र. कॅनडातून धाकट्याचा फोन आला. त्याच्या न्हाणीघरात टाइल्सखाली टाकलेली गरम करणारी तार बंद पडली. बसवणाऱ्यानं टाइल्स लावण्याआधी आणि नंतर मीटर लावून तिचे ओहम तपासलेच नाहीत. टाइल्स लावताना थापीचा घाव लागला का, आता कसं कळणार? तापमान दाखवणाऱ्या कॅमेऱ्यानं जागा शोधून तिथलीच टाइल काढतील. सेन्सरही नळीतून न घालता थेट मसाल्यात गाडलेला. तो बिघडला की पुन्हा फोडाफोड. जीव हळहळला.

ऐकताना आठवलं, आमच्या ओसरीतल्या टाइल्स गेल्या मे महिन्यात भरदुपारी फाडकन उचलल्या होत्या. कडेला फट सोडलीच नव्हती, तापून फुगायला जागा कुठं? नाण्यानं ठोकत पोकळ आवाज शोधला, तेवढ्याच काढून बसवल्या. आई अजून तिथून कडेकडेनं जाते.