पायाखालचा ब्रेक

महिनाभर मी भेटेल त्याला हेच सांगते आहे. बहिणीला सांगितलं, शाळेतल्या सगळ्या बायकांना सांगितलं, परवा पालकसभेनंतर मागे थांबलेल्या एका आईला सांगितलं आणि ती ऐकता ऐकता रडायलाच लागली. म्हणून आता लिहूनच काढते. भीती मनात बसते असं मी आजवर समजत होते. माझी भीती उजव्या पायात बसली होती. पोटरीत, मांडीत, खुब्यात. तीन वर्षं! आणि ती तिथून निघू शकते हे मला एका दुपारी, एका उशीला पाय लावून बसले असताना कळलं.

तीन वर्षांपूर्वी आम्ही साताऱ्याहून पुण्याला येत होतो. गाडी हे चालवत होते, मी शेजारी. खंबाटकीचा बोगदा संपला की उतारावर ते एस आकाराचं वळण लागतं, तिथे एक टँकर आडवा झालेला. पुढचं तुकड्यातुकड्यांनी आठवतं: काचेचा आवाज, जळक्या रबराचा वास आणि माझा पाय. मी सगळी ताकद लावून ब्रेक दाबत होते. माझ्या पायाखाली ब्रेक नव्हता.

यांच्या खांद्याजवळचं हाड मोडलं, ते दोन महिन्यांत सांधलं. मला साधं खरचटलंही नाही. रस्त्याच्या कडेला बसले तेव्हा अंग असं थरथर कापायला लागलं की दातावर दात आपटत होते. लोक धावून आले, देवमाणसं होती ती. कुणी शाल गुंडाळली, कुणी पाणी दिलं, एका काकांनी माझे दोन्ही खांदे घट्ट धरून ठेवले आणि म्हणाले, "ताई, काही झालेलं नाही, शांत व्हा." मी शांत झाले.

मग खुबा दुखायला लागला. सकाळी उठलं की जबडा आखडलेला. एक्स-रे झाला, एमआरआय झाला, सगळं चांगलं. समुपदेशनालाही गेले, त्या बाई फार समजूतदार होत्या, पण अपघाताची हकिगत मी धडा वाचून दाखवावा तशी घडाघड सांगायचे आणि घरी यायचे. यात माझी चूक नव्हती हे मला पटलं. पायाला पटलं नाही. एकदा गाडी धुताना यांनी मला खाली बोलावलं. माझ्या बाजूचं रबरी पायपुसणं उजव्या टाचेखाली झिजून तिथे रुपयाएवढं भोक पडलं होतं. चालवणाऱ्याच्या बाजूचं शाबूत होतं.

त्यानंतर एका मैत्रिणीने एका नव्या थेरपिस्टचं नाव सुचवलं. त्यांच्या उपचारपद्धतीचं नाव, सोमॅटिक एक्सपिरियन्सिंग, हेही मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. छोटी खोली, दोन खुर्च्या, खिडकीबाहेर बकुळ. मी नेहमीचा धडा सुरू केला तर त्या म्हणाल्या, "अपघाताकडे नंतर जाऊ. आधी खोलीभर नजर फिरवा आणि कुठे थांबावंसं वाटतं ते पाहा." माझी नजर बकुळीवर थांबली. "झाडाकडे पाहताना अंगात काय होतंय?" असं मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं! खांदे जरासे उतरले होते. मग त्यांनी विचारलं, "आणि आत्ता उजव्या पायात?" पाय लाकडासारखा ताठ होता. थोडा वेळ पायात, की परत बकुळीत. पुन्हा पायात, पुन्हा बकुळीत. झोका घ्यावा तसं.

तिसऱ्या सत्रात त्यांनी माझ्या तळपायाशी एक जाड उशी धरली. "त्या दिवशी पायाला जे करायचं होतं ते करू द्या. पण अगदी सावकाश. जमेल त्याच्या निम्म्या वेगाने." मी दाबायला लागले. आणि काय सांगू, मांडीच्या आत कुठूनतरी बारीक थरथर निघाली, दळणाची गिरणी चालू असताना भिंतीला हात लावला की लागते ना, तशी. मी घाबरून विचारलं, "थांबवू का?" "नको. होऊ दे. मी इथेच आहे." थरथर खुब्यापर्यंत चढली, पोटातून जबड्यापर्यंत गेली, दात वाजले, तेच दात, तसेच, रस्त्याच्या कडेला वाजले होते तसे! मग एक जांभई आली, मग आणखी चार. तळपाय गरम झाले. आणि पाय जमिनीवर टेकला. रोजच टेकतो, पण त्या दिवशी त्याचा सगळा भार खाली उतरला आणि मी हमसून हमसून रडले. दुःख नव्हतं त्या रडण्यात.

घरी येऊन वाचायला लागले ते अजून थांबलेले नाही. ही पद्धत पीटर लेव्हिन या अमेरिकी माणसाची. १९६९ साली एक तरुण बाई त्यांच्यासमोर भीतीने गारठून पडली होती. लेव्हिनना काय सुचलं कोण जाणे, ते ओरडले की वाघ मागे लागलाय, पळ! पडल्या पडल्या तिचे पाय धावू लागले. लहानपणी टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेसाठी तिला दाबून धरलं होतं, तेव्हाचं राहिलेलं पळणं ते. 'वेकिंग द टायगर' हे त्यांचं पुस्तक १९९७चं. पण मला हलवून टाकलं ते त्यांच्या स्वतःच्या अपघाताने. २००५ साली रस्ता ओलांडताना त्यांना गाडीने उडवलं. एक अनोळखी डॉक्टरबाई हात धरून शेजारी बसून राहिली, आणि लेव्हिननी अंगातलं कापरं अडवलं नाही, डोकं वाचवायला वर येऊ पाहणारे हात येऊ दिले. वाचताना मला ते काका आठवले. त्यांच्या मायेबद्दल तिळमात्र शंका नाही, फक्त माझे खांदे त्यांनी जरा सैल धरले असते तर!

हे नुसतं माझं भारावणं नाही. मेंदूतून छाती-पोटात उतरणारी व्हेगस नावाची नस आहे, तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू शरीराकडून मेंदूकडे निरोप नेतात. म्हणजे मेंदू छाती-पोटाला "सगळं ठीक आहे" म्हणत असतो त्याच्या किती पट जास्त छाती-पोट मेंदूला "ठीक नाही" कळवत असतं! मनोविकारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोक यांच्या २०१४च्या अभ्यासात जुनाट आघातोत्तर ताणविकाराने (पीटीएसडी) त्रस्त, उपचारांना दाद न देणाऱ्या ६४ स्त्रिया होत्या. दहा आठवडे सौम्य योगासनं केलेल्या गटातल्या निम्म्याहून थोड्या जास्त स्त्रिया शेवटी त्या निदानाच्या कक्षेबाहेर आल्या, तर योगासनं न केलेल्या दुसऱ्या गटातल्या पाचातली एक. सोमॅटिक एक्सपिरियन्सिंगची इस्रायलमध्ये ६३ जणांवर चाचणी झाली, २०१७ साली प्रसिद्ध झाली, तिचेही निष्कर्ष आशादायक आहेत. अभ्यास अजून थोडेच आहेत, आणखी व्हायला हवेत, आणि लवकर व्हायला हवेत.

आणि आपली भाषा! छातीत धस्स होतं, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, काळजात चर्र होतं. धसका तर आपण 'घेतो', हातात वस्तू घ्यावी तसा. दुखणं अंगावर काढतो. हे सगळं मी वर्गात वाक्प्रचार म्हणून शिकवते, अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा. आता 'अंगावर काढणे' फळ्यावर लिहिताना माझा खडू थांबतो.

एक मात्र हात जोडून सांगते. हे वाचून घरी एकट्याने जुनी जखम उकरायला बसू नका. शिकलेला माणूस समोर हवा, आणि घाई न करणारा हवा. गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने बंद करू नका. माझ्या थेरपिस्टचं निम्मं काम मला थांबवण्याचंच होतं. थेंब थेंब, त्या म्हणायच्या, बादली ओतायची नाही.

चारच सत्रं झाली आहेत. गेल्या रविवारी साताऱ्याला जाऊन आलो. परत येताना बोगद्यात शिरलो तेव्हा मी उजवी टाच त्या भोकावर टेकवली, बाहेरच्या डोंगराकडे पाहायचं ठरवलं, पायाची वाट पाहू लागले. जाग आली तेव्हा खेड शिवापूरचा टोलनाका आला होता.