मी, एक ‘फॉरेन कॉन्टॅक्ट’

“तुझ्या एम्प्लॉयरचं नाव काय लिहू गं?”

रात्री साडेअकराला ताईचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल. आता एम्प्लॉयर म्हणजे… मी पडले फ्रीलान्सर! तीन मासिकं, एक वेबसाइट आणि कधीच वेळेवर चेक न देणारी एक पीआर एजन्सी. यातलं कुणाचं नाव सांगू? “लिही, कुणीच नाही.” “असं नाही चालत. बरं, आपली पहिली भेट कधी झाली?” “माझ्या बारशाला! पाळण्याची दोरी तूच ओढत होतीस म्हणे.” “म्हणजे १९९८,” असं म्हणून तिने ते चक्क टाइप केलं.

ताई माझी मावसबहीण. जन्म पुण्याचा, पण नऊ वर्षांची असताना आई-बाबांबरोबर अमेरिकेला गेली आणि पुढे तिथली नागरिक झाली. २०१३ पासून ती वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनमध्ये कॉन्ट्रॅक्टर होती. म्हणजे कंपनी खासगी, काम सरकारचं. नेमकं काय काम? माहीत नाही. विचारायचं नसतं. ‘कॉम्प्युटरचं काहीतरी’ एवढ्यावर मावशीसुद्धा समाधान मानते.

या कामासाठी लागते ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’. ही व्यक्ती गुपितं सांभाळण्याइतकी भरवशाची आहे, असा सरकारने दिलेला निर्वाळा. त्यासाठी एसएफ-८६ नावाचा शंभरावर पानांचा फॉर्म भरायचा. दहा वर्षांत कुठे राहिलात, कुठे नोकरी केलीत, कर्ज थकलंय का, परदेशात कुठे फिरलात, तिथलं कोण कोण तुमच्या जवळचं आहे… सगळं! गंमत म्हणजे त्यातल्या नातेवाइकांच्या यादीत आई-वडील, भावंडं, सासू-सासरे येतात. आजी आणि मावसबहीण येत नाहीत. माया, प्रभाव, समान आवड किंवा बांधिलकी यांनी जोडलेले इतर परदेशी लोक वेगळ्या भागात लिहायचे. तर आजी आणि मी तिथे. ‘फॉरेन कॉन्टॅक्ट’. त्यात मी पत्रकार. म्हणजे डबल डोकेदुखी!

२०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या कॉम्प्युटरमधून अशा चौकश्यांची सुमारे २ कोटी १५ लाख लोकांची माहिती चोरीला गेली. ताईलाही तसं पत्र आलं होतं. आमच्या आजीचं नाव कुठल्या हॅकरच्या हातात पडलं असेल, या विचाराने तेव्हा आम्ही खूप हसलो होतो. ताई नव्हती हसली.

मार्च २०२५ मध्ये तिच्या कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि ताई घरी बसली. मी लगेच सल्ला दिला, “माझ्यासारखी फ्रीलान्स हो ना!” तेव्हा कळलं की या जगात ते शक्यच नाही. क्लिअरन्स स्वतः जाऊन मागता येत नाही. कंपनीने किंवा सरकारी खात्याने ‘आम्हाला ही माणसं हवीत’ असं म्हणावं लागतं. बरं, स्वतःची कंपनी काढावी, तर कंपनीलाही वेगळी क्लिअरन्स लागते आणि तिच्यासाठीही कुणीतरी स्पॉन्सर लागतोच.

नोकरी सुटली की क्लिअरन्स ‘अ‍ॅक्टिव्ह’ राहत नाही, ‘करंट’ होते. ढोबळ नियम असा, की २४ महिन्यांच्या आत नव्या कंपनीने स्पॉन्सर केलं, तर ती बहुतेक वेळा पुन्हा पहिल्यापासून चौकशी न होता सुरू होते. त्यानंतर ‘एक्स्पायर्ड’, आणि परत श्रीगणेशा. नव्या चौकशीत कित्येक महिने जाऊ शकतात. तेवढं थांबायला कुठली कंपनी तयार होईल?

म्हणून ताईने एक्सेल शीट केली. फॉर्ममधला प्रत्येक प्रश्न आणि त्याचं अप-टू-डेट उत्तर. पगार नाही, तरी घराचा एकही हप्ता चुकू द्यायचा नाही, कारण थकलेलं कर्ज हे क्लिअरन्स अडण्याचं मोठं कारण. पैशांच्या अडचणीतला माणूस विकत घेता येतो, हा त्यामागचा हिशेब. नोकरी नसतानाच पैशांच्या बाबतीत सर्वांत चोख राहायचं. आहे की नाही कमाल?

आणि ऑक्टोबरमध्ये आजी बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं. वय ८८.

ताई आधी म्हणाली “येते”. मग गप्पच झाली. मग म्हणाली, “दोन इंटरव्ह्यू आहेत गं. आणि आत्ता इंडियाची ट्रिप म्हणजे शीटमध्ये अजून एक एंट्री.” माझं डोकंच फिरलं. २०१९ मध्ये आजोबा गेले, तेव्हाही ती आली नव्हती. ‘तिचं काम तसलं आहे’ म्हणून सगळ्यांनी समजून घेतलं होतं.

“येऊ नका, असं कुठल्या नियमात लिहिलंय?” मी विचारलं.

बराच वेळ काहीच आवाज नाही. मला वाटलं, नेट गेलं.

“कुठेच नाही,” ती म्हणाली. “फक्त सांगायचं असतं. कुठे गेलात, कुणाला भेटलात. नोकरीत असताना आधी परवानगी घ्यायची, पण एमर्जन्सीत निघण्याआधी वरिष्ठांना तोंडी सांगून पूर्ण माहिती आल्यावर दिली तरी चालतं.” मग हळूच, “२०१९ ला पण चाललं असतं. मी ऑफिसात विचारलंच नाही.”

त्यावर मला काहीही बोलता आलं नाही. खरं सांगा, ‘उगाच इम्प्रेशन नको’ म्हणून न मागितलेली एखादी रजा तुमच्याही खात्यावर आहे ना? नियम माहिती विचारतात. ‘नको’ मात्र बऱ्याचदा आपणच म्हणतो, त्यांच्या वतीने.

नोव्हेंबरमध्ये ताई आली, बारा दिवसांसाठी. आजीने पहिल्याच दिवशी उलटतपासणी घेतली. “ते तुझं कार्ड रद्द झालं म्हणे?” ताईने समजावलं. आजी म्हणाली, “म्हणजे रेशनकार्डासारखंच. दुकान बदललं तरी कार्ड आपलंच राहतं की!” “नाही ना आजी, इथे दुकानदाराने बोलावल्याशिवाय कार्ड चालतच नाही.” आजीने जरा विचार केला. “मग दुकान शोध. पण आधी जेव.”

हे लिहिताना अकरावा महिना चालू आहे. एक इंटरव्ह्यू हुकला, दुसरा ताईने माझ्या बेडरूममध्ये बसून रात्री अडीचला दिला. उत्तर अजून यायचंय. शीटमध्ये बारा दिवसांची एंट्री झाली आहे. कारण : आजीची भेट. माझ्या एम्प्लॉयरच्या रकान्यात शेवटी ‘स्वतंत्र पत्रकार’ असं लिहिलंय. मला ते भारदस्त वाटलं.

हा लेख छापायला देण्याआधी मी ताईला पाठवला. तिने दोन वाक्यं काढायला लावली.

कोणती, ते विचारायचं नसतं!